टूलच्या नोंदीत दात किती लिहायचे?

भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात गेले वर्षभर मी टूल-लायब्ररी, म्हणजे कापणाऱ्या हत्यारांच्या मापांची संगणकातली नोंद, नव्याने मांडण्याचे काम करीत आहे. पूर्वी एकाच कटरची माहिती तीन ठिकाणी असे: मशीनचा प्रोग्रॅम तयार करणाऱ्या प्रोग्रॅमरच्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये, प्रीसेटर म्हणजे टूलचे माप घेणाऱ्या यंत्राजवळच्या वहीत आणि मशीनवर टूल बसवणाऱ्या सेटरच्या डोक्यात. कापणाऱ्या हत्यारांची माहिती संगणकाला समजेल अशा एकाच रूपात देण्यासाठी आयएसओ १३३९९ हे मानक आहे. त्यानुसार पुरवठादारांकडून येणाऱ्या फायली सरळ उचलल्या, तर हाताने आकडे भरताना होणाऱ्या चुका थांबतील, एवढाच आमचा पहिला हेतू होता. त्या चुका थांबल्याही. परंतु एकाच नावाचा रकाना ड्रिल, एंडमिल (टोकाने व बाजूने कापणारे फिरते टूल) आणि इन्सर्टचा, म्हणजे बदलता येणाऱ्या छोट्या पात्यांचा कटर यांच्यासाठी एकाच नियमाने भरता येत नाही, हे या कामात मला पावलोपावली शिकावे लागले.

सर्वांत मोठा धडा दातांच्या संख्येचा होता. सॉलिड कार्बाइड एंडमिलला चार फ्लूट (दातांमधल्या खाचा) असतील तर दात चार, यात शंका नसते. आमच्याकडे ५० मिमी व्यासाचा, लांब धारेचा एक इन्सर्ट कटर आहे. त्यावर तीन ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत चार इन्सर्ट एकाखाली एक, थोडे सरकवून बसवलेले आहेत. इन्सर्ट एकूण बारा असले, तरी खोलीच्या कोणत्याही एका पातळीवर एका फेरीत कापणारे दात तीनच. मानकात या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे गुणधर्म आहेत, त्यामुळे दोष मानकाचा नव्हता. आमच्या कॅममध्ये मात्र दातांसाठी एकच रकाना होता आणि मी लिहिलेल्या रूपांतराच्या नियमाने त्यात इन्सर्टची संख्या भरली. कापण्याचा वेग मिनिटाला १५० मीटर धरला तर या कटरचे फेरे ९५५ होतात; प्रति दात ०.१ मिमी फीडने (फीड म्हणजे टूल पुढे सरकण्याचे माप) मिनिटाला सुमारे २८६ मिमी फीड यायला हवे होते, ते ११४६ आले. म्हणजे प्रत्येक दाताला चौपट जाड चिप, म्हणजे धातूचा छिलका, कापावी लागली असती. आमच्या अनुभवी सेटरने सायकल सुरू करण्याआधी प्रोग्रॅममधला आकडा पाहिला आणि मशीन थांबवले. त्या दिवसापासून मी रूपांतराचा नियम टूलच्या प्रकारानुसार वेगळा लिहितो, आणि नवा प्रकार आला की त्याचे एक टूल हातात घेऊन दात मोजल्याशिवाय नियम कायम करीत नाही.

ड्रिलच्या बाबतीत लांबीचा प्रश्न येतो. लांबी टोकापर्यंत मोजायची की पूर्ण व्यास जिथे सुरू होतो त्या कोपऱ्यापर्यंत? १० मिमी व्यासाच्या, १४० अंश टोकाच्या ड्रिलमध्ये या दोहोंतला फरक सुमारे १.८ मिमी असतो आणि ११८ अंशांच्या ड्रिलमध्ये ३ मिमी. आरपार छिद्रात हा फरक खपून जातो, परंतु हायड्रॉलिक ब्लॉकच्या ब्लाइंड होलमध्ये (आरपार न जाणाऱ्या छिद्रात) तळाखाली भिंत पातळ असेल, तर तो फरक थेट जॉबच्या जिवावर येतो. प्रीसेटर टोकापर्यंतची लांबी देतो. फाइलमधली लांबी कोपऱ्यापर्यंतची असेल तर टोकाची उंची त्यात मिळवूनच दोन्ही आकडे ताडून पाहता येतात.

काही बाबी तर रकान्यात मावतच नाहीत. बॉल-नोज (अर्धगोल टोकाच्या) कटरचा व्यास १० मिमी असे लिहिणे बरोबरच आहे, पण ०.५ मिमी खोलीवर सरळ उभ्या टूलने सपाट पृष्ठभाग कापताना धातूला लागणारा व्यास केवळ ४.३६ मिमी असतो. मिनिटाला ५००० फेऱ्यांना नोंदीतल्या व्यासावरून कापण्याचा वेग मिनिटाला १५७ मीटर निघतो, प्रत्यक्षात तो ६८ मीटरच्या आसपास राहतो. हाय-फीड कटरचे असेच: धारेचा कोन १० अंश असेल तर चिपची जाडी प्रति दात फीडच्या जेमतेम १७ टक्के होते, म्हणून तेथे मोठे फीड चालते आणि चालवावेही लागते. तेच फीड ९० अंशांच्या कटरला दिले तर इन्सर्ट तुटतील. अशा राशी मी साठवीत नाही. त्यांचे सूत्र टूलच्या प्रकाराशी जोडून ठेवतो आणि खोली कळली की आकडा काढून घेतो.

छिद्रात आटे पाडणाऱ्या टॅपसाठी फीड म्हणजे पिच (दोन आट्यांमधले अंतर), एवढे पुरेसे वाटते. पण एम ८ च्या (८ मिमी आट्याच्या) कटिंग टॅपला आधी ६.८ मिमीचे छिद्र लागते आणि धातू न कापता दाबून आटे घडवणाऱ्या फॉर्मिंग टॅपला ७.४ मिमीचे, म्हणून हे दोन प्रकार वेगळेच ठेवले पाहिजेत. टर्निंगमध्ये (लेथच्या कामात) सीएनएमजी १२०४०८ या इन्सर्टची नाकाची, म्हणजे टोकाच्या गोलाईची त्रिज्या ०.८ मिमी, त्याच आकाराच्या वायपर (पृष्ठभाग गुळगुळीत करणारी धार असलेल्या) इन्सर्टचीही तीच. फीडच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागून फिनिशचा (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा) अंदाज काढण्याचे सूत्र मात्र वायपरला लागू पडत नाही.

जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला हुकूम देण्याच्या नेहमीच्या भाषेत, टूलची ओळख म्हणजे एक क्रमांक आणि एक ऑफसेट (मापाची दुरुस्ती), बाकीचे सगळे माणसाने लक्षात ठेवायचे. त्या तुलनेत मशीनला कामाची माहिती देण्याच्या आयएसओ १४६४९ या मानकात मिलिंगच्या आणि टर्निंगच्या टूलसाठी वेगळे भाग केलेले आहेत, याचा अर्थ मानक लिहिणाऱ्यांनाही सरसकट एक साचा पुरेसा वाटला नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

सध्या मी धार लावून परत आलेल्या एंडमिलांवर अडलो आहे. पुरवठादाराची फाइल नव्या टूलच्या प्रकाराचे वर्णन करते. कपाटातली १० मिमीची एंडमिल दुसऱ्या धारेनंतर ९.७ मिमीची झालेली असते आणि तिची लांबीही घटलेली असते. म्हणून प्रकाराची नोंद न बदलता प्रत्येक नगाला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, तो शँकवर (टूलच्या पकडीच्या दांड्यावर) कोरून घ्यायचा आणि प्रीसेटरचे माप त्या क्रमांकाखाली साठवायचे, असे ठरवले आहे. पहिल्या चाळीस एंडमिलांचे क्रमांक कोरून झाले आहेत.