निदान वेगळं, गुन्हा वेगळा: पीडोफिलियाचा रिपोर्ट लिहितानाचा माझा अनुभव

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या ट्रेनिंगमध्ये मला नावगाव काढून टाकलेली एक जुनी केस फाईल दिली आणि सांगितलं, निदानाचा रिपोर्ट लिहून आण. लहान मुलीवर अत्याचार केलेला माणूस. सगळ्यांना वाटतं यात निदान कसलं करायचंय, गुन्हा केला म्हणजे पीडोफाईलच (लहान मुलांबद्दल लैंगिक आकर्षण असलेला माणूस), पण रिपोर्ट लिहायला बसलं की एवढ्यावर भागत नाही.

२०१३ चं डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन मॅन्युअल, उघडून पीडोफिलिक डिसऑर्डरचा एकेक निकष फाईलशी ताडून बघत गेले. वयात न आलेल्या, म्हणजे साधारण १३ किंवा त्याहून लहान मुलांबद्दल किमान ६ महिने वारंवार तीव्र लैंगिक कल्पना, इच्छा किंवा वर्तन हवं. त्या इच्छेपायी कृती केलेली हवी, नाहीतर त्यामुळे त्याला स्वतःला खूप त्रास किंवा नात्यांमध्ये अडचणी होत असल्या पाहिजेत. शिवाय त्याचं वय किमान १६ आणि मुलापेक्षा किमान ५ वर्षांनी मोठा. मी अडकले ती ६ महिन्यांवर, कारण फाईलमध्ये दारूच्या नशेतली एकच घटना होती, बाकी सगळे संबंध मोठ्या बायकांशी, आणि मुलांबद्दल कायमचं आकर्षण असल्याचं कुठेच काही सापडेना. माझ्या सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "गुन्हा पक्का आहे, निदान पक्कं नाही. दोन्ही लिही."

उलट काही जणांना हे आकर्षण असतं पण त्यांनी आयुष्यात कधी मुलाला हात लावलेला नसतो, आणि नाव फुटलं तर आपण संपलो या भीतीने ते उपचारालाच येत नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मुलं वाचवायची तर माणूस गुन्ह्याच्या आधी दारात यायला हवा ना! बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलने २००५ मध्ये अशाच लोकांसाठी गोपनीय उपचार सुरू केले. आकर्षण पुसून टाकणारं औषध नाही, सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) आणि गरज असेल तिथे टेस्टोस्टेरॉन कमी करणारी औषधं देऊन स्वतःवर ताबा ठेवायला शिकवतात.

निदान बसत नाही म्हणून माणूस सुरक्षित असंही नाही बरं का. पुन्हा गुन्हा होण्याची रिस्क वेगळी मोजावी लागते, स्टॅटिक-९९ सारख्या टूलमध्ये वय, आधीच्या शिक्षा वगैरे बघतात. म्हणून शेवटी मी लिहिलं: पीडोफिलिक डिसऑर्डरचे निकष पूर्ण होत नाहीत, रिस्क असेसमेंट स्वतंत्र करावं, दारूसाठी उपचार सुरू करावेत, आणि तोवर मुलांसोबत एकटं राहू देऊ नये. मॅडमनी शेवटच्या ओळीखाली रेघ मारून ती रिपोर्टच्या पहिल्या पानावर घ्यायला लावली.