नुसतं ‘एक कॉफी’

परदेशात कॉफी मागवायची म्हणून लोक शब्द पाठ करतात. त्याआधी एक गोष्ट माहीत करून घ्यावी: काहीच न सांगता नुसतं ‘एक कॉफी’ म्हटलं, तर पुढ्यात काय येतं? दूध, साखर, कपाचा आकार यातलं काय गृहीत धरलंय ते प्रत्येक गावात वेगळं असतं, आणि मागवायची सगळी बोली त्या गृहीत धरलेल्या कपात काढ-घाल करण्यासाठीच असते.

याचा सगळ्यात मजेदार नमुना सिंगापूरच्या कोपीटियममध्ये, म्हणजे तिथल्या साध्या कॉफीच्या दुकानात, मिळतो. बिया बहुतेक रोबस्टा या कडक जातीच्या कॉफीच्या, साखर आणि मार्जरीन घालून काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजलेल्या. कॉफी कापडाच्या लांब पिशवीतून गाळलेली. इथे नुसतं ‘कोपी’ म्हटलंत तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली, दाट, गोडमिट्ट कॉफी येते. दूध नको असेल तर ‘कोपी-ओ’. यातला ‘ओ’ होक्कियन या चिनी बोलीतला, म्हणजे काळा. नवखा माणूस इथेच फसतो. काळी म्हणजे बिनसाखरेची असं तो धरून चालतो, पण कोपी-ओमध्ये साखर असतेच. ती काढायची तर पुढे ‘कोसोंग’ लावायचं. हा शब्द मलय, अर्थ रिकामं.

दूध हवं आणि साखर नको, म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या मंडळींची गरज, तर ‘कोपी-सी कोसोंग’ म्हणावं. ‘सी’मध्ये इव्हॅपोरेटेड मिल्क असतं. ते आटवलेलं खरं, पण त्यात साखर नसते. गोडी वेगळी घालतात, त्यामुळे वगळताही येते. ‘कोपी कोसोंग’ म्हटलंत तर मात्र गल्ल्यावरचा माणूस क्षणभर थांबणार. त्या कोपीची गोडी दुधातच मुरलेली असते, ती काढणार कशी? कमी गोड हवी असेल तर ‘सिउ दाई’, कडक हवी तर ‘गाऊ’, पातळ हवी तर ‘पो’, बर्फ घालून हवी तर ‘पेंग’. क्रम साधारण असा: आधी दूध, मग कडकपणा, मग साखर, शेवटी बर्फ. ‘कोपी-सी गाऊ सिउ दाई पेंग’ एका दमात म्हटलंत की काम झालं. एवढ्याशा वाक्यात तीन-चार भाषा नांदतात आणि व्याकरणाशी एकीचंही देणंघेणं नसतं.

इस्तंबूलला प्रश्न एकच असतो, साखर किती? पण तो कॉफी चुलीवर चढायच्या आधीच विचारतात. ‘सादे’ म्हणजे बिनसाखरेची, ‘आझ शेकेरली’ कमी गोड, ‘ओर्ता’ मध्यम, ‘शेकेरली’ गोड. सादा आणि साखर ओळखीचे असल्यामुळे मराठी माणसाला हे पाठ करायला कष्ट पडू नयेत. आधी विचारण्याचं कारण करण्याच्या पद्धतीत आहे. जेझवे नावाच्या लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात कपभर, म्हणजे साधारण 65-70 मिली गार पाणी, 6-7 ग्रॅम मैद्यासारखी बारीक पूड आणि साखर एकदमच घालतात, ढवळतात आणि मंद आचेवर ठेवतात. फेस वर चढला की तो आधी कपात घ्यायचा. खळाखळा उकळली तर फेस मोडतो आणि कॉफीची शोभाच जाते. ती गाळत नाहीत, गाळ कपाच्या तळाशी बसू देतात. म्हणजे नंतर साखर घालून चमचा फिरवलात की बसलेला गाळ वर येणार आणि तोंडात रवाळ चिखल. शेवटचा घोट सोडायचा तोही त्यामुळेच. चौघांच्या चार तऱ्हा असतील तर चार जेझवे चढवावे लागतात. गर्दीच्या वेळी चौघांनी ‘ओर्ता’वर तडजोड केलेली बरी.

इटलीत ‘उन काफे’ म्हणजे एस्प्रेसो: सुमारे 7 ग्रॅम पूड, जेमतेम 25-30 मिली कॉफी. कपाचा तळ झाकण्यापुरती कॉफी बघून आपल्या सहलीतली मंडळी ‘बाकीची कुठेय?’ म्हणतात. मोठा कप हवा तर ‘काफे अमेरिकानो’ म्हणावं. नुसतं ‘लात्ते’ मागितलं तर पेलाभर दूध येतं, कारण त्याचा अर्थच तो. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर दाखवायची. टेबलाशी बसून प्यायलात तर दर बहुधा वाढतो, म्हणून तिथली माणसं उभ्या उभ्या दोन घोटांत उरकतात. कापुचिनो सकाळचा. जेवणावर मागितलात तर मिळेल, वर एक नजरही मिळेल. भरल्या पोटी एवढं दूध जड पडतं, अशी तिथली समजूत. त्याच इटलीतल्या त्रिएस्ते गावाची बोली आणखी निराळी. तिथे एस्प्रेसोला ‘नेरो’ म्हणतात, त्यात दुधाचा थोडा फेस पडला की ‘कापो’, आणि तोच काचेच्या छोट्या पेल्यात हवा असेल तर ‘कापो इन बी’.

स्पेनमधल्या मालागाने तर दूध-कॉफीच्या प्रमाणांनाच नावं देऊन टाकली. निम्मी-निम्मी म्हणजे ‘मिताद’, बरंचसं दूध आणि थोडी कॉफी म्हणजे ‘सोंब्रा’, सावली. दुधात कॉफीचा नुसता थेंब पडला की ‘नुबे’, ढग.

आपल्याकडे दक्षिणेत ही कामं इंग्रजी शब्दांवर भागतात. चेन्नईत ‘विदाउट’ एवढं पुरतं, वगळायची ती साखरच हे सांगावं लागत नाही. ‘स्ट्राँग’ म्हणजे डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) जास्त, ‘लाइट’ म्हणजे कमी. बंगळुरूत ‘बाय टू’ म्हटलं की एकाच कॉफीचे दोन कप होऊन येतात. आपल्या चहातल्या ‘दोनात तीन’चं हे भावंड, पण जास्त दिलदार. माटुंग्याच्या उडप्याकडे साखर कमी हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगावं. पेला टेबलावर आल्यावर सांगून उपयोग नाही, आणि साखर तळाशी बसली असेल तर दोनचारदा वाटीत ओतून परत पेल्यात घेतल्याशिवाय ती लागतही नाही.

मराठी घरात मात्र पाहुण्याला बोलीच नसते. ‘चहा की कॉफी?’ ‘काहीही चालेल.’ यावर जी कॉफी येते ती बहुतेक सगळी दुधाची, भरपूर साखरेची आणि जुन्या वळणाच्या घरात जायफळाची. जायफळ कपाला चिमूटभर पुरतं. जास्त झालं तर कॉफी कडवट लागते. काही घरी ते दुधात उकळतात, काही घरी वरून किसतात. नको असेल तर दूध गॅसवर चढायच्या आत सांगावं, नंतर कितीही गाळलं तरी वास जात नाही.