तीन दिवसवाल्या मॅडम

विडी घरकुलात माझं नाव फारसं कुणाला माहीत नाही. ‘तीन दिवसवाल्या मॅडम’ म्हटलं की मात्र गल्लीतली पोरं थेट माझ्याकडे बोट दाखवतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा ते दोन, अशी माझी एका संस्थेतली नोकरी. कागदावर पद ‘केस मॅनेजर (अर्धवेळ)’. सासूबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या घाबरून म्हणाल्या, “केस? कुणावर केलीस गं?”

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन मला वीस वर्षं झाली. सुरुवातीला पूर्णवेळ काम केलं, मग मुलं, मग सासूबाईंचा अर्धांगवायू. त्यांची फिजिओथेरपी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असते, त्यामुळे उरलेल्या तीन दिवसांत बसेल असंच काम मला हवं होतं. मुलाखतीत विचारलं, “अर्धवेळच का?” मी खरं ते सांगून टाकलं. मानधन ऐकून नवरा म्हणाला, रिक्षाचं भाडं तरी सुटेल ना? सुटतं, थोडं उरतंही. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. अर्धवेळ कामात पगार नक्की अर्धा होतो, केसेस अर्ध्या होतीलच असं नाही. ते तुम्हालाच बोलून घ्यावं लागतं. मी पहिल्या महिन्यात बोलले नाही आणि एकतीस फायली माझ्या टेबलावर आल्या. आता वीसच्या वर घेत नाही.

घरकुल म्हणजे सोलापूरजवळ कुंभारीला असलेली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची वसाहत. दहा हजार घरं, चाव्या २००६ साली मिळाल्या. कामगार नेते आडम मास्तरांच्या चळवळीतून ती उभी राहिली. त्याच भागात नंतर रे नगर ही दुसरी वसाहत झाली, तिथली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. इथे दुपारी कुठल्याही दारात डोकावलं तर बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. सुपात भिजवून कापलेली पानं, बाजूला तंबाखू, बोटाला गुंडाळलेला दोरा. बोलताना नजर आपल्याकडे असते आणि बोटं आपली आपली वळत राहतात. सुरुवातीला मला वाटायचं, या बायकांचं आपल्याकडे लक्ष नाही. लक्ष पूर्ण असतं. हात थांबवणं परवडत नाही, एवढंच.

ज्या केसबद्दल सांगायचंय ती एका अक्काची. (पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाच्या घरांत मीही सगळ्यांना अक्काच म्हणते. त्या मला मॅडम म्हणतात, ते काही बदलत नाही.) वय छत्तीस. नवरा यंत्रमागावर टॉवेल काढायचा, तो काविळीने गेला. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. शेजारणीने तिला आमच्याकडे धाडलं ते “विधवा पेन्शन काढून द्या” म्हणून.

मीही लगेच संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज काढला. महिना १,५०० रुपये, आणि अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात आई आणि दोन मुलं राहत असतील यावर कुणाचा विश्वास बसतो कोण जाणे, पण फॉर्म भरणारे सगळे तोंड बंद ठेवून तो आकडा लिहितात. अर्धा फॉर्म भरून झाला आणि मी सहज विचारलं, “अक्का, लाडकी बहीणचे पैसे येतात का?”

“येतात की.”

मी पेन खाली ठेवलं. लाडकी बहीणचेही १,५००च. आणि ज्या बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढेच किंवा जास्त पैसे मिळतात तिला लाडकी बहीण मिळत नाही. म्हणजे दोन-तीन महिने दाखल्यांसाठी धावून अक्काच्या हातात एक पैसाही जास्त आला नसता. एका खिशातले काढून दुसऱ्या खिशात. पूर्णवेळ असताना मी हा अर्ज भरून मोकळी झाले असते, कारण महिन्याच्या अहवालात तो ‘एक लाभार्थी’ म्हणून चढला असता. बारा तासांच्या आठवड्यात फुकट घालवायला वेळच नसतो, म्हणून माणूस आधी विचारतो. अर्धवेळेचा हा एक फायदा मी मनापासून मानते.

तिच्या उपयोगाची होती बाल संगोपन योजना. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना दरमहा २,२५० रुपये, मुलामागे. दोन मुलांचे साडेचार हजार. रक्कम महिन्याची असली तरी खात्यावर येते ती निधी येईल तशी, कधी तीन-चार महिन्यांची एकदम. हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, नाहीतर त्या पैशाच्या भरवशावर कुणी भिशी लावून बसायचं.

कागद असे: मुलांचे आणि आईचे आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक. आणि घरासमोर पालकासोबत काढलेला मुलांचा फोटो. यादी वाचायला सोपी आहे. गाडी अडली ती मृत्यूच्या दाखल्यावर. नवऱ्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधारवर एक ‘ए’ जास्त होता. तेलुगू नावं मराठी कारकुनाने इंग्रजीत लिहिली की हे हमखास होतं. एका एजंटाने तिला सांगितलं होतं, प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा, करून देतो. मी तिला थांबवलं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. ते पाचशे वाचल्यावर अक्काचा माझ्यावर जो विश्वास बसला, तो तोवरच्या माझ्या तीन होम व्हिजिटनी बसला नव्हता.

मग बँक. खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघायचं होतं. काउंटरवरच्या मशीनवर तिने अंगठा ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. मग दुसरा अंगठा, मग एकेक बोट. मागची रांग कुजबुजायला लागली. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. वीस वर्षं पान आणि दोरा घासून बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झाली होती, रेषा म्हणून नावाला उरली नव्हती. ती हसून म्हणाली, “रेशनलाबी असंच की. पोरीचा अंगठा लावतो.” शेवटी मोबाइलवर ओटीपी मागवून काम झालं. तेव्हापासून विडी कामगार बाईची फाइल उघडली की आधारला मोबाइल नंबर कुठला जोडलाय, हे मी सगळ्यात आधी विचारते. बऱ्याचदा तो नंबर मेलेल्या नवऱ्याचा निघतो आणि सिम कधीच बंद पडलेलं असतं.

फोटोच्या दिवशी अक्काने नवी साडी नेसली. मी म्हटलं, रोजची चालेल. ती म्हणाली, फोटो सरकारकडे जाणार ना? मुलाने केसांना पाणी लावून भांग पाडला होता. मोबाइलवर मी चार फोटो काढले, चारही फोटोंत मुलगा डोळे मिटून. पाचव्यात उघडले.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेला, घरी चौकशी होऊन गेली. आता उरलं आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जाणं. इथे मी चुकले.

शुक्रवारी दोनला दहा मिनिटं असताना मला फोनवर तारीख कळली: पुढचा मंगळवार, सकाळी अकरा. आमच्याकडे एक हँडओव्हरची वही आहे. माझे तीन दिवस सोडून उरलेले तीन दिवस दुसरी सहकारी असते, आणि जे काही अर्धवट आहे ते वहीत लिहून जायचं असा नियम आहे. मी वही उघडलीच नाही. सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी पर्समध्ये होती, दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. रिक्षात बसल्या बसल्या अक्काला व्हॉट्सॅपवर लिहिलं: ‘मंगळवारी अकरा वाजता, दोन्ही मुलांना सोबत घेऊन, मूळ कागदपत्रांसह.’ तारीख आणि पत्ता टाकला. दहा मिनिटांनी दोन निळ्या खुणा आल्या. मी निश्चिंत.

बुधवारी कामावर आले तर ती दारातच बसलेली. मंगळवारी ती गेली होती, एकटी. मुलं शाळेत होती. त्यांना बघितल्याशिवाय कसं करणार, असं तिला सांगितलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. माझा फोन सायलेंटवर होता, मी फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बसले होते. तिने आमच्या ऑफिसला फोन केला, तर सहकारीला कशाचाच पत्ता नव्हता. दिवसभराच्या विड्या गेल्या, जायचं-यायचं भाडं गेलं.

“अक्का, मी लिहिलं होतं ना, मुलांना आणा म्हणून?”

“बघितलं की मॅडम. मंगळवारचा आकडा बघितला, अकरा बघितलं. बाकीचं मला कुठं येतं?”

ती तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी फाडफाड बोलते, वाचत नाही. मुलगी वाचून दाखवते, पण मुलगी शनिवार-रविवार आजीकडे गेली होती. पाच महिने मी या बाईच्या घरी जात होते, चहा पीत होते, तिच्या सह्या घेत होते. सही ती तेलुगूत करते, हेही रोज डोळ्यांसमोर होतं. आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. निळ्या खुणांचा अर्थ ‘पाहिलं’ एवढाच असतो, ‘कळलं’ असा नसतो.

मी माफी मागितली. तिने “असू द्या की” म्हटलं. दिवसाची मजुरी मी द्यायला हवी होती असं मला आजही वाटतं. संस्थेत तशी सोय नाही आणि स्वतःच्या पर्समधून देऊ नये असं आम्हाला शिकवलेलं असतं. नियम योग्य आहे, तरी त्या दिवशी तो घशाखाली उतरला नाही.

त्यानंतर आम्ही एक केलं. तोवर केसची फाइल आमच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली माझ्या किंवा सहकारीच्या कमरेला. आता प्रत्येक बाईकडे बटण लावायचं प्लॅस्टिकचं पाकीट असतं, दहा-पंधरा रुपयांचं. त्यात तिचे सगळे मूळ कागद, आमच्याकडे फक्त झेरॉक्स. आणि पाकिटात वरच एक कागद: पुढे काय, कुठे, कधी, कुणाला सोबत न्यायचं. हा कागद मी लिहीत नाही. मी बोलते, ती लिहिते किंवा तिचं कुणी लिहितं, ज्या भाषेत तिला वाचता येतं त्या भाषेत. मग तिने तो मला वाचून दाखवायचा. लिहिता येत नसेल तर चित्र. एका आजींच्या कागदावर बँकेसाठी गोल नाणं आहे आणि दवाखान्यासाठी सुई. यात जास्तीची वीस मिनिटं जातात. पहिल्यांदा मी सारखी घड्याळाकडे बघत होते. पण मंगळवारी ऑफिसात माझ्यासाठी येणारे फोन कमी झाले, हे सहकारीने मोजून सांगितलं.

अक्काच्या मुलांना पुढच्या तारखेला समितीपुढे नेलं. मी गेले नव्हते, माझा वार नव्हता. मुलगी म्हणाली, आईने पाकीट उघडून एकेक कागद काढून दिला, समितीच्या मॅडमनी एकही परत मागितला नाही. आदेश झाला. पहिले पैसे आले तेव्हा मुलीला सायकल घेतली, जुनी. शाळा लांब आहे.

आदेशाचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. परवा सोमवारी त्यासाठी तिच्याकडे गेले तर सुपाशेजारी दोन पाकिटं. दुसरं कुणाचं विचारलं, तर शेजारच्या गल्लीतल्या एका बाईचं, नवरा दिवाळीच्या आधी गेला. वरचा कागद तेलुगूत, अक्काच्या हातचा. मला त्यातलं फक्त घरासमोरच्या फोटोचं चित्र कळलं. एक मोठं डोकं, दोन लहान, मागे दार.

“हिला मी नेते,” अक्का म्हणाली. विडीचं तोंड मिटून ती सुपात टाकली, दुसरं पान घेतलं. “मंगळवारी जातो. तुमी नका येऊ, तुमचा वार नाही.”