कागदावरूनच का वाचायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात नवोदितांचं जाहीर वाचन होतं. तिथं कागद हातात घेऊनच का उभं करता, पाठ म्हटलेलं का चालत नाही, हे दर खेपेला कुणीतरी विचारतंच. वर टोमणा: बहिणाबाईंच्या खान्देशात हा नियम? ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या मुलखात?

त्यांच्यामुळेच तर. आसोद्याच्या बहिणाबाई जात्यावर, शेतात गाणी म्हणत गेल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी जमतील तेवढी वहीत उतरवून घेतली. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. पुढं सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. वहीत उतरलं तेवढं राहिलं. त्याच काळात जात्यावर बसलेल्या बाकीच्या बायांच्या घरी वही धरणारा कुणी नव्हता, एवढाच फरक.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, विद्रोही संमेलनही तिथंच. आमची काही पोरं हौसेनं कविता म्हणून आली. नंतर एकाकडे कागद मागितला तर म्हणे, ‘सर, डोक्यात आहे.’ वाचलेला कागद आम्ही फाइलीत लावून ठेवतो; आता डोक्यातलं फाइलीला कसं लावायचं?

दुसरं कारण जरा कडू आहे. पाठ म्हणणाऱ्याचं लक्ष समोरच्या रांगेकडे असतं. टाळी पडली की ओळ पुन्हा, नाही पडली की मध्येच एखादा विनोद. हळूहळू तो टाळीच्या जागा आधी ठरवतो आणि मग कविता लिहितो. कविसंमेलनात मीही ‘वाहवा’ म्हणतो, त्यात काही पाप नाही. पण नुकतंच लिहायला लागलेल्याला ती सवय लागली की सुटत नाही.

शिवाय कथा कोण पाठ करणार? कागदाचा नियम आला तेव्हा गद्यवाले पुढं आले. दहा मिनिटांत हातानं लिहिलेली चार फुलस्केप पानं आरामात होतात. रात्रीच्या लाइटीला कपाशीला पाणी द्यायला जाणाऱ्या पोराची कथा मी अशीच ऐकली. टाळ्यांच्या कार्यक्रमात तिला कुणी उभं केलं नसतं.

मोबाइलही चालत नाही. मध्येच मेसेज टपकतो, आणि फाइलीत लावायला हाती काही उरत नाही. वाचून झालं की तारीख घालून कागद आमच्याकडे.

अहिराणीवाल्यांची मात्र खरी परीक्षा. भाषा तोंडात मुरलेली, पण शाळेत कधी लिहिलेली नाही. ‘काय करी ऱ्हायना भाऊ’ म्हणायला सोपं. कागदावर ‘ऱ्हायना’ की ‘रायना’, यावरून चहा थंड होईपर्यंत वाद. मला तो वाद कवितेइतकाच आवडतो.

एक अपवाद आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी म्हणावं, शेजारी बसून कुणीतरी उतरवून घेतं. मागं एका आजींनी ओव्या म्हटल्या. नातवानं लिहिलेलं वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, असं म्हटलंच नाही मी. मग सगळं सभागृह ताटकळत ठेवून त्यांनी दुसरी ओळ त्याच्याकडून तीनदा खोडून घेतली.