बायपासनंतरचे बारा आठवडे

मी सांगलीत राहते, वय ५६, शाळेत शिक्षिका आहे. मागच्या हिवाळ्यात मिरजेत माझी बायपास झाली. ऑपरेशनची माहिती पुष्कळ ठिकाणी मिळते, तिच्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते घरी आल्यानंतरचं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची लांबलचक यादी होती आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'कार्डिअॅक रिहॅबसाठी फिजिओ विभागात भेटणे'. रिहॅब म्हणजे हृदयाच्या आजारानंतर देखरेखीखाली व्यायाम करत पुन्हा रोजच्या कामांवर येणं. टाके दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, तोवर घरात कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

घरात एकमतानं ठरलं होतं, आईनं आता हलायचं नाही. मिस्टर पाण्याचा ग्लास हातात आणून देत. जाऊबाई म्हणाल्या, "आयुष्यभर राबलात, आता पडून राहा." सगळं मायेपोटीच होतं. पण पडून राहण्यानं पायांतली ताकद जाते, दम लवकर लागतो, आणि दम लागला की माणूस घाबरून आणखी पडून राहतो. एके काळी हार्ट अॅटॅकनंतर रुग्णाला कित्येक आठवडे पलंगावरून उठू देत नसत. १९५२ साली अमेरिकेत सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि त्यांची तब्येत बिघडण्याऐवजी सुधारली. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मिस्टरांचा चेहरा जरा सैलावला.

खरं तर रिहॅब दवाखान्यातच सुरू झालेलं असतं. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. उठताना हातांवर जोर न देता आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं. छातीचं हाड कापून तारांनी बांधलेलं असतं. ते सांधायला सहा-आठ आठवडे, कधी बाराही लागतात. तोवर मला दोन-तीन किलोंच्या वर उचलायची मनाई होती. भरलेली बादली, गव्हाचा डबा, स्कूटी, सगळं बंद.

फिजिओ विभागातला कार्यक्रम बारा आठवड्यांचा होता. आधी सहा मिनिटं चालण्याची चाचणी. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना नारिंगी शंकू, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. फिजिओ मुलगी म्हणाली, "काकू, धावायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. दम लागला तर भिंतीला टेका, घड्याळ मात्र चालूच राहणार." मी मध्ये एकदा थांबले आणि २८० मीटर झाले. त्या आकड्यावरून आणि इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून, तिनं माझा व्यायाम ठरवला.

भिंतीवर ६ ते २० आकड्यांचा तक्ता होता, बोर्ग स्केल. आपल्याला किती श्रम जाणवताहेत ते त्यावर आकड्यात सांगायचं. ६ म्हणजे नुसतं बसलेलं, २० म्हणजे आता एक पाऊलही नको. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तो केला. निरोगी तरुण माणसाच्या बाबतीत आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडीचे ठोके येतात, म्हणून सुरुवात ६ पासून. आमच्यासारख्यांना मात्र हा गुणाकार लागू होत नाही. हृदयाची गती आवरणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळीनं ठोके फारसे वाढत नाहीत, त्यामुळे नाडीवर विसंबून चालत नाही, शरीराला काय जाणवतंय तेच विचारायचं. मला ११ ते १३ च्या मध्ये राहायचं होतं, म्हणजे श्वास वाढलेला, पण पूर्ण वाक्य बोलता येतंय. ट्रेडमिलवर छातीला ईसीजीचे पॅच, आधी आणि नंतर बीपी. सुरुवातीला दहा मिनिटं हळूहळू अंग मोकळं करायचं, शेवटीही तसंच हळूहळू वेग कमी करत थांबायचं. एकदम थांबलं तर रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते.

या आकड्यांनी मला जो धीर दिला तो कुणाच्या बोलण्यानं आला नव्हता. जिन्यावर धडधड झाली की आधी वाटायचं, संपलं. आता मनात म्हणायचे, हे १२ आहे. १२ ची मला परवानगी आहे.

एक दिवस फिजिओ मुलीनं विचारलं, "काकू, दिवसभर घरात काय काय करता?" कणीक मळणं, वरच्या दोरीवर कपडे घालणं, वाकून केर काढणं, पाणी भरणं, मी सांगत गेले, ती लिहीत गेली. पुढच्या वेळी तिनं परातीत कणीकच आणून ठेवली. मळताना आकडा विचारला, मी १४ म्हणाले. ती बारकाईनं बघत होती. म्हणाली, "जोर देताना तुम्ही श्वास धरून ठेवताय." श्वास कोंडला की बीपी चढतं आणि हृदयावर ताण येतो. जोर लावताना श्वास सोडायचा, कणीक दोन वेळा थोडी थोडी मळायची, ओट्याशी उभं राहण्याऐवजी टेबलाशी बसायचं. तीच कणीक, तोच हात, आकडा १२ वर आला. स्वयंपाकघर परत माझ्या हातात आलं ते त्या दिवशी.

आमच्या गटात मी एकटीच बाई. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार होते, त्यांना एकच चिंता, औषधाचा पंप पाठीवर कधी घेता येईल. "बाई, छाटणी आली की घरात बसवत नाही," म्हणायचे. त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी यायची, बाहेर बाकावर डबा घेऊन बसायची. माझ्या शेजारच्या खाटेवर होत्या त्या ताई मात्र कधीच आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "घरचं कोण बघणार?" बायकांना रिहॅबला कमी पाठवलं जातं आणि गेल्या तरी त्या मध्येच सोडतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. मला याचं फार वाईट वाटतं आणि रागही येतो. घरकाम हाच बाईचा व्यायाम, असं म्हणून आपण तिची बोळवण करतो. घरकामात वेग, वेळ, विश्रांती यांपैकी काहीच तिच्या हातात नसतं.

आहाराच्या बाईंनी मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितलं, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचं, पापड आणि आमचं सांगलीचं भडंग हे सगळं त्यातच मोजायचं. भडंग आता महिन्याकाठी मूठभर.

मनाचंही बोलायला हवं. संध्याकाळी विनाकारण रडू यायचं, रात्री उशीवर स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकत जागी राहायचे. हार्ट अॅटॅक आलेल्यांत साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य गाठतं आणि त्यावर उपचार असतात, हे समुपदेशकांकडून कळलं. मिस्टरांनाही त्यांनी एकदा बोलावून घेतलं, ते फार बरं झालं. माझ्याइतकेच तेही घाबरलेले होते.

खर्च खिशातूनच झाला, माझ्या पॉलिसीत हे बसलं नाही. बारा आठवड्यांनंतरच्या चाचणीत न थांबता ४१० मीटर झाले. आता रोज सकाळी आमराईत चालते, जूनपासून शाळेत रुजू आहे.

गावात सेंटर नसेल तर निदान डॉक्टरांना विचारून मर्यादा लिहून घ्या, किती चालायचं, किती उचलायचं, कोणत्या आकड्यावर थांबायचं. योगावर आधारलेलं रिहॅबही आहे. भारतातल्या २४ रुग्णालयांत जवळपास चार हजार हार्ट अॅटॅकच्या रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला. पुन्हा अॅटॅक येण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण त्यानं घटतं असं ठामपणे दिसलं नाही, पण रोजच्या कामांत परतणं आणि एकूण बरं वाटणं यांत फरक पडला. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत.

चालताना छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, चक्कर आली तर तिथेच थांबून बसायचं. सॉर्बिट्रेट ही छातीदुखीवरची गोळी दिलेली असेल तर जिभेखाली ठेवायची, तीही बसूनच, कारण तिनं बीपी उतरतं. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन. हे घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी नातवालासुद्धा, पाठ असू द्या.