आमची वाटचाल : भाड्याच्या फ्लॅटचं कर्ज आणि दराचा हिशोब

आमची पेढी लहान आहे. नारायण पेठेत दोन खोल्या आणि चार टेबलं. भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्याला कर्जाचा हिशोब मांडून द्यायचा, कागद लावायचे आणि कर्ज सुरू झाल्यावर दरावर नजर ठेवायची, एवढंच आमचं काम. फी घर घेणाऱ्याकडून घेतो, बँकेकडून कमिशन घेत नाही. त्यामुळे उलाढाल बेताची राहिली, पण सगळ्या बँकांची मंजुरीपत्रं सारख्याच चष्म्यातून वाचता येतात.

सुरुवात केली तेव्हा बीपीएलआरचा, म्हणजे बँकेने स्वतःच ठरवलेल्या मूळ दराचा, जमाना होता. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 2008 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला 9 टक्के होता आणि पुढच्या एप्रिलात 4.75 टक्क्यांवर आला, तरी जुन्या कर्जदारांचे हप्ते जवळपास जागीच राहिले. बँका बीपीएलआर फारसा हलवत नसत. नव्या ग्राहकाला त्यावर जास्त सूट देत आणि जुन्याला जुन्याच सुटीवर ठेवत. त्या काळात आमचं मुख्य काम म्हणजे मंजुरीपत्रातला ‘वजा किती’ हा आकडा शोधणं. त्या जागी 1 जुलै 2010 पासून बेस रेट आला, 1 एप्रिल 2016 पासून एमसीएलआर आला; दोन्ही बँकेच्या पैसे उभारण्याच्या खर्चावर बेतलेले दर. दर ठरवण्याचं सूत्र थोडं उघड झालं, पण एमसीएलआरच्या कर्जात रीसेट, म्हणजे कर्जाला नवा दर लावणं, बहुधा वर्षातून एकदाच. दर उतरल्याची बातमी मार्चमध्ये आणि रीसेटची तारीख जानेवारीतली असली, तर दहा महिने जुनाच दर. तेव्हापासून प्रत्येक फाइलवर रीसेटची तारीख लाल शाईने लिहायची पद्धत पडली, ती आजही आहे.

1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी बदलत्या दराची घरकर्जं बाहेरच्या मानकाला (बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला) जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा रीसेट करावा लागतो. बहुतेकांनी मानक म्हणून रेपो धरला. हा नियम बँकांचा आहे. गृहवित्त कंपन्यांना तो लागू नाही, त्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटवर चालतात. ‘बँक’ आणि ‘हाउसिंग फायनान्स’ यांचे दर शेजारी ठेवून पाहताना हा फरक नजरेआड होतो.

रेपोच्या कर्जात खरा आकडा स्प्रेडचा, म्हणजे रेपोवर बँक जे वाढीव टक्के लावते त्यांचा. रेपो 5.25 आणि स्प्रेड 2.75 म्हणजे दर 8 टक्के. दोन वर्षांनी तीच बँक नव्या माणसाला 2.25 स्प्रेड देते, म्हणजे 7.5 टक्के. जुन्याचा स्प्रेड आपोआप उतरत नाही. 60 लाख, 20 वर्षं या कर्जाचा हप्ता 8 टक्क्यांनी 50,186 रुपये आणि 7.5 टक्क्यांनी 48,336. महिना 1,850 रुपयांचा फरक, आणि तो फक्त स्प्रेड कमी करा असं बँकेला पत्र न लिहिल्यामुळे. स्प्रेडमधला कर्जदाराच्या जोखमीचा भाग त्याची पत लक्षणीय बदलली तरच बदलता येतो. बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदा. ऑक्टोबर 2025 पासून ग्राहक टिकवण्यासाठी बँकेला हे घटक तीन वर्षांच्या आतही कमी करता येतात. म्हणून ‘तीन वर्षं झाली नाहीत’ हे उत्तर आता पुरेसं नाही. अर्ज करताना दुसऱ्या बँकेचं लेखी दरपत्रक जोडावं. तोंडी आकड्याला किंमत नसते.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवणं हा शेवटचा उपाय. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, हे खरं. पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि गहाणाचा स्टॅम्प पुन्हा भरावा लागतो. पाव टक्क्यासाठी ही यातायात बहुधा परवडत नाही. पाऊण टक्का फरक आणि बारा-पंधरा वर्षं बाकी असतील तर परवडते. मूळ कागद हा वेगळा घोर. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत करणं आता बंधनकारक आहे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. त्यासाठी कर्ज घेताना दिलेल्या कागदांची बँकेने सही केलेली यादी हवी. ती नसेल तर काय परत मागायचं तेच सिद्ध होत नाही.

2022 आणि 2023 ही दोन वर्षं आमच्या कामाची दिशा बदलणारी ठरली. रेपो मे 2022 पर्यंत 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 झाला. बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली. 6.75 टक्क्यांनी घेतलेल्या 40 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता 30,414 रुपये. दर 9.25 झाला आणि बाकी 39 लाख 30 हजार असेल, तर महिन्याचं व्याजच 30,294. मुद्दलात जातात 120 रुपये. हप्ता वेळेवर जातो, खात्यावर कुठलीही लाल खूण दिसत नाही, आणि कर्ज मात्र फिटत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घातला: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे कर्जदाराला विचारायचं. आमचं मत कायम एकच: दर चढताना हप्ता वाढवा, आणि उतरताना तो कमी करून घेऊ नका. घरमालकाच्या कर्जाला निवृत्तीनंतरची शेपटी नसावी, कारण तेव्हा फ्लॅट जुना झालेला असतो आणि भाडं नव्या फ्लॅटइतकं मिळत नाही.

आता पुण्यातल्या फ्लॅटचा सरळ हिशोब. वाकडकडचा 80 लाखांचा टू बीएचके आणि भाडं 26,000 धरू. कर्ज 60 लाख. पदरचे 20 लाख, वर महापालिका हद्दीतली 7 टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे 5 लाख 60 हजार आणि नोंदणी 30,000. म्हणजे सुमारे 26 लाख रोख हवेत. भाड्यात वर्षाला एक महिना रिकामा धरला की उरतात 2,86,000. मेंटेनन्स महिना 3,500 म्हणजे 42,000. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते वर्षाचे 3,000. मालमत्ता कर 18,000; रंग, प्लंबर आणि ब्रोकर मिळून 17,000. हातात राहतात 2,06,000, म्हणजे महिना 17,000 च्या आसपास. हप्ता 50,186. खिशातून महिना 33,000.

हा आकडा ऐकून समोरचा माणूस दर पाव टक्का कमी करता येईल का, असं विचारतो. 60 लाखांवर पाव टक्का म्हणजे महिना 929 रुपये, वर्षाला 11,148. फ्लॅट आणखी एक महिना रिकामा राहिला तर 26,000 गेले. दराची घासाघीस जरूर करावी, पण भाडेकरू जायच्या दीड महिना आधी पुढचा शोधायला घेणं हे दोन पाव टक्क्यांहून जास्त मोलाचं आहे. पुण्यात आयटीतली मंडळी दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट देतात. कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं (खात्यात जमा असलेल्या रकमेवर व्याज न लागणारं) असेल तर ते डिपॉझिट त्याच खात्यात पडून व्याज वाचवतं. फक्त परत द्यायचे पैसे आहेत, हे विसरू नये. मालमत्ता कराचीही गफलत होते. पुणे महापालिकेची 40 टक्के सवलत मालक स्वतः राहतो त्या घराला आहे. जुन्या मालकाचं सवलतीचं बिल पाहून हिशोब केला तर तो चुकतो.

परदेशातले पुणेकर विचारतात, ‘बाय टू लेट’ आहे का? ब्रिटनमध्ये भाड्याच्या घराचं कर्ज वेगळं, बरेचदा फक्त व्याजाचं, आणि भाडं व्याजाच्या 125 ते 145 टक्के भरतं का हे पाहून दिलेलं. इथे तसं वेगळं उत्पादन नाही. पहिलं-दुसरं घर साध्या घरकर्जातच बसतं आणि कर्ज तुमच्या पगारावर मिळतं. भाडं धरतात ते नोंदणीकृत करार, बँकेत जमा झालेली रक्कम आणि प्राप्तिकर विवरणात दाखवलेलं उत्पन्न, हे तिन्ही जुळलं तरच. तेही पूर्ण नाही. रोखीतलं भाडं शून्य धरा. लीव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, नोंदणी कायद्यानेच सक्तीची आहे. स्टॅम्प मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक 10 टक्क्यांवर 0.25 टक्के, नोंदणी शुल्क शहरात 1,000 रुपये. एवढ्यासाठी नोटरीवर भागवणं म्हणजे पायावर धोंडा.

तिसऱ्या घराला दर बदलतो आणि तो का बदलतो हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात एका व्यक्तीचं तिसरं आणि पुढचं घर व्यापारी स्थावर मालमत्तेच्या वर्गात जातं. बँकेला त्यावर जास्त भांडवल आणि कर्ज बुडण्याच्या शक्यतेसाठी जास्त तरतूद ठेवावी लागते. म्हणून दर चढा, आणि काही बँका थेट नकार देतात. घोटाळा असा होतो की अर्जात घरं दोनच लिहिली जातात, बिल्डरला टोकन जातं, आणि कर्जाचे पैसे द्यायच्या वेळी तिसरं घर उघड होऊन नवा दर पुढे येतो. आधीच सगळी घरं लिहा, कर्ज फिटलेलीसुद्धा. दुकान किंवा ऑफिस घ्यायचं असेल तर घरकर्जाचे दर विसरून जा. ते वेगळं कर्ज.

बायकोच्या नावाचा प्रश्न आठवड्याला दोनदा येतो. सगळे खरेदीदार महिला असतील तर स्टॅम्प 1 टक्का कमी, म्हणजे 80 लाखांवर 80,000 वाचले. पण नवरा फक्त सहकर्जदार राहिला आणि खरेदीखतात नसला, तर हप्ता त्याने भरूनही व्याजाची वजावट त्याला नाही, कारण तो मालक नाही. जुन्या करपद्धतीत भाड्याच्या घराचा तोटा (भाड्यापेक्षा जास्त झालेलं व्याज) वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. नव्या पद्धतीत व्याज भाड्यापुरतंच चालतं, उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही. म्हणून नव्या पद्धतीतल्या माणसाने ‘करात वाचतं’ हे वाक्य हिशोबातून काढून टाकावं आणि स्टॅम्पचे 80,000 खुशाल घ्यावेत.

मंजुरीपत्र हातात आलं की आम्ही आधी विम्याची ओळ पाहतो. एकरकमी हप्त्याचा कर्जविमा कर्जातच मिसळलेला असतो आणि त्यावर 20 वर्षं व्याज चालतं. वेगळा टर्म विमा बहुधा स्वस्त पडतो, आणि हा विमा घ्यायची सक्ती नाही हे लेखी मागितलं की रक्कम पत्रातून निघते.

काही कामं आम्ही घेत नाही. भोगवटा पत्र (राहायला वापरायची महापालिकेची परवानगी) नसलेली इमारत, गुंठ्यातलं बांधकाम (शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून केलेलं), सातबाऱ्यावर दहा नावं असलेली जागा. तिथे बँका मागे सरतात, कर्ज मिळतं ते चढ्या दराने, आणि पुढे विकताना नव्या खरेदीदारालाही तोच दर भोवतो. त्यामुळे किंमत तिथेच तुटते. धायरी-आंबेगावकडचा असा फ्लॅट दहा लाखांनी स्वस्त दिसतो तो यामुळे.

नवीन फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही सहा नोंदी करतो: मानक, स्प्रेड, रीसेटची तारीख, उरलेले हप्ते, भाडेकराराची शेवटची तारीख आणि बँकेकडच्या कागदांच्या यादीचा क्रमांक. दर तीन महिन्यांनी खातेउतारा मागवून चौथी नोंद पाहतो. उरलेले हप्ते तीनाहून कमी घटले असतील, तर त्याच दिवशी फोन.