रश्श्याचा डबा तपासून घेताना: माझा अनुभव

गटारीच्या रविवारी धायरीत आमच्या सोसायटीचं जेवण होतं, तीस-पस्तीस माणसं. चिकनचा रस्सा केटररने दुपारी तीनलाच करून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला होता. रात्री नऊला वाढला तेव्हा कोमट होता. पहाटे पाचपासून घरोघरी पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब. सासूबाईंना सलाइन लावावं लागलं. आता त्या बऱ्या आहेत.

"उलटी नाही, ताप नाही, आठ तासांनी जुलाब. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स असावा," डॉक्टर म्हणाले. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात असतो, कापताना मांसाला लागतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातलं झोपलेलं रूप, रस्सा उकळला तरी टिकतात. भरलेलं पातेलं सावकाश निवतं तेव्हा ते रुजतात आणि ४३ ते ४७ अंशांना झपाट्याने वाढतात. विष तयार होतं ते आपल्या आतड्यात.

उरलेला रस्सा माझ्या फ्रीजमध्ये होता. तो तपासून घ्यायचाच, असं ठरवलं आणि तिथेच अडकले.

सोमवारी पहिल्या लॅबच्या खिडकीवर ऐकलं, "आम्ही घरगुती सॅम्पल घेत नाही." दुसरीकडे फॉर्म मिळाला. उत्पादकाचं नाव, लायसन्स नंबर, बॅच नंबर. बॅच नंबरच्या रकान्यात मी 'रविवारचा रस्सा' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत सरकवला, "कंपनीच्या लेटरहेडवर आणा." मंगळवारी एका सरकारी कार्यालयात गेले. "सॅम्पल अधिकाऱ्यानेच घ्यावं लागतं, तुमचा डबा चालणार नाही." मी घरी येऊन अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ वाचला. कलम ४० प्रमाणे ग्राहकाला फी भरून पदार्थ तपासून घेता येतो, पण तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. आजारी पडण्याआधी हे कुणाला सुचणार? मला अजून संताप येतो.

गुरुवारी तिसऱ्या लॅबने डबा घेतला. तिथेच कळलं की हा जंतू फ्रीजच्या थंडीत हळूहळू मरतो. म्हणजे मी जपून ठेवलेला पुरावा रोज कमी होत होता. रिपोर्ट आला, 'आढळला नाही'. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांच्या डब्यावरून काहीच ठरत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डबा त्याच दिवशी द्या. फॉर्मवर जंतूचं नाव स्वतः लिहा, नेहमीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी असेलच असं नाही. नेहमीच्या स्टूल कल्चरमध्येही (शौचाच्या जंतू-तपासणीत) हा जंतू शोधत नाहीत, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा. रस्सा उरला तर उथळ भांड्यांत काढून लवकर फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना नुसता कोमट न करता खळखळून उकळा. आणि किती वाजता शिजला, किती वाजता वाढला, कुणाला कधी त्रास सुरू झाला, हे लगेच कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे डॉक्टरांना अंदाज बांधता आला तो त्या वेळांवरूनच.